बाबांनी भोंगा वाजवला

संपाच्या आधी आमच्या खोलीतली चूल कधी धड विझत नसे. लालबागच्या चाळीत आईची खानावळ होती. खानावळ म्हणजे वेगळी जागा नव्हे; आमचीच एक खोली आणि तिच्याबाहेर गॅलरीत भिंतीला पाठ लावून बसलेली माणसं. सगळे गिरणीतले एकटे गडी, बायकापोरं गावाला. मिलचा पहिला भोंगा झाला की आई तवा चढवायची, दुसरा झाला की ताटं मांडायची. मला घड्याळ कळायच्या आधी भोंगा कळत होता. स्टोव्हचा घरघराट, भाकऱ्यांची थापथाप, ओल्या बोंबलाच्या कालवणाचा वास आणि "मावशी, रस्सा" म्हणून ओरडणारी तोंडं, हे माझं लहानपण. महिन्यातून एकदा मटण शिजायचं, त्याला गडी 'फिष्ट' म्हणत. त्या दिवशी गॅलरीत पाय ठेवायला जागा नसायची आणि आईचा आवाज पार मैदानापर्यंत जायचा.

संप झाला आणि भोंगा गप्प झाला. आधी लोकांना गंमत वाटली, रविवार लांबल्यासारखी. मग पावसाळा गेला, दिवाळी काळोखात गेली. गडी एकेक करून गावाला निघून गेले. जे राहिले त्यांना आई नाही म्हणू शकत नव्हती. बोंबलाच्या जागी सुकट आली, सुकटीच्या जागी नुसतं मिरचीचं पाणी आलं. रेशनच्या तांदळाची पेज करून आई ती डावाने वरून ओतायची, म्हणजे फेस येऊन वाटी भरलेली दिसायची. समोरच्या चाळीतल्या एका बाईने नळावर मला विचारलं होतं, तुझ्या आईच्या पेजेतलं वरचं पाणी उरतं का गं? मी खोटं बोलले, नाही म्हणाले. उरतच नव्हतं असं नाही, पण ते माझ्या वाट्याचं होतं.

बाबा संपात नव्हते. हे आताच सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ते मिलच्या गेटवर पहारेकरी होते. सगळी गिरणी बंद झाली तरी पहारा बंद होत नाही. खाकी कपडे, कमरेला पट्टा, खांद्यावर मिलची दुनळी बंदूक घेऊन ते रोज सकाळी समोरच्या मैदानातून जायचे आणि पत्ते कुटत बसलेले संपकरी पत्ते खाली ठेवून त्यांच्याकडे बघायचे. सगळ्या गल्लीत पगार येणारं घर आमचं एकच. त्याच पगारातून आई संपकऱ्यांना जेवायला घालत होती हेही सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते कोणी बोलत नसे. मान खाली घालून जेवायचे आणि हात धुवून निघून जायचे. मालकाचा कुत्रा हे शब्द मी पहिल्यांदा आमच्याच गॅलरीत ऐकले, आमच्याच घरचं जेवून उठलेल्या माणसाच्या तोंडून.

एका सकाळी दाराच्या कडीला कोणीतरी हिरव्या बांगड्या बांधल्या होत्या. बाबांसाठी. आईने त्या सोडवल्या, पाण्याने धुतल्या आणि स्वतःच्या हातात चढवल्या. गॅलरीत उभी राहून मोठ्याने म्हणाली, "कोणी दिल्या रे? मापाच्या आहेत. पुढच्या वेळेला साडी पण द्या."

गॅलरीतून कोणीतरी हसलं. बाबा हसले नाहीत. ते बुटाला पॉलिश करत होते, करत राहिले.

बाबा पहारेकरी का झाले, तेही सांगते. माझे आजोबा गिरणीतच होते, पण सूत काढायच्या खात्यात. विणायच्या साच्यांवर आमच्या लोकांना घेत नसत, कारण आडवं सूत नेणाऱ्या धोट्यातला दोरा तोंडाने ओढून काढावा लागतो आणि आमचं उष्टं कोणाला चालणार? हे कोणी कागदावर लिहिलं नव्हतं, तरी चालत होतं. आजोबा म्हणाले, पोराला ह्यात घालणार नाही. त्यांनी बाबांना फौजेत पाठवलं. आमच्या गावचे पुष्कळ जण फौजेतच असत. बाबा लढाई करून, पदक घेऊन, डाव्या पायात लोखंड घेऊन परत आले, तेव्हा गिरणीने त्यांना खातं दिलं नाही, बंदूक दिली. आमच्या चाळीसमोर दुसरी चाळ होती, तिथे बहुतेक मालवणी साचेवाले. मधे मैदान. पदक घेऊन बाबा आले त्या वर्षापासून सव्वीस जानेवारीला मैदानातला झेंडा बाबांनीच लावायचा असं ठरलं आणि ते ठरवलं समोरच्या परबकाकांनी. परबकाका साचेवाल्यांचे पुढारी, गळ्यात माळ, तोंडात तंबाखू. सकाळी सकाळी खालून हाक मारायचे, "फौजी! येतस ना? झेंडो वाट बघता!" त्या एका दिवशी दोन्ही चाळींची माणसं एका रांगेत उभी राहायची. मी ह्याचा फार अभिमान बाळगून होते. आजही आहे.

बाबा स्वतः लढाईचं काही सांगत नसत. त्यांची पाठ मात्र मला पाठ होती, कारण थंडीत पाय दुखायला लागला की तेल लावायचं काम माझं. पाठभर बारीक बारीक खड्डे, आणि त्यांच्यामधून गेलेले लांब वळ. मी लहानपणी विचारलं तर म्हणायचे, देवीचे व्रण. खरं काय ते मला एका पाहुण्याने सांगितलं. बाबांच्या पलटणीतला, साताऱ्याकडचा, एका डोळ्याने अधू. आईने त्याच्यासाठी मुद्दाम फिष्टीसारखं मटण केलं होतं. बाबा पान आणायला खाली गेले तेवढ्यात तो म्हणाला, "पोरी, तुझा बाप रस्ता हाय, रस्ता."

मी म्हटलं, म्हणजे?

मग त्याने जेवता जेवता सांगितलं. कालव्याच्या बांधावर शत्रूचा खंदक, पुढे काटेरी तारेचं भेंडोळं. तार कापायला गेलेले दोघे तिथेच पडले, एकाचं डोकं जागेवर राहिलं नव्हतं. मशीनगन चालूच. मागे जायला जागा नाही, पुढे जायला वाट नाही. तेव्हा बाबा धावत गेले आणि तारेवर पालथे पडले. अंगाखाली काटे, अंगावर माणसं. सगळी तुकडी त्यांच्या पाठीवर पाय देऊन पलीकडे गेली, बुटांना खिळे असलेली. "मी बी गेलो," तो म्हणाला. "पाय ठेवताना त्याच्या पाठीचं हाड कर्र केलेलं अजून ऐकू येतं. आन् सगळे गेल्यावर ह्यो गडी त्या तारेतनं कातडं फाडून उठला, आन् आमच्या मागनं आला. खंदकात उतरून संगिनीनं दोघांना मारलं. एक तर लहान पोरगा होता, ओठावर मिसरूड नव्हतं. त्याला मारल्यावर तिथंच बसला आन् ओकला." एवढं सांगून त्याने रस्सा मागितला. बाबा पान घेऊन वर आले. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "काय सांगितलंस रे हिला?" तो म्हणाला, "मटन ब्येस झालंय म्हनलं."

संपातल्या त्या दिवाळीनंतर सव्वीस जानेवारीला खालून हाक आली नाही. झेंडा परबकाकांनी स्वतः लावला. बाबा पहाटेच दाढी करून, पदक लावून तयार बसले होते. खाली गाणं सुरू झालं तेव्हा ते खोलीतच, स्टोव्हच्या बाजूला, ताठ उभे राहिले. आई पिठाचे हात तसेच ठेवून त्यांच्या मागे उभी राहिली. गाणं संपल्यावर बाबांनी पदक काढून डबीत ठेवलं आणि ड्यूटीला गेले. मैदानातून जाताना परबकाकांनी त्यांना अडवलं. मी गॅलरीतून ऐकत होते.

"फौजी, एकच सांग. तू आमच्या बाजून की मालकाच्या?"

"मी गेटाच्या बाजूने," बाबा म्हणाले.

"गेट कोणाचा?"

बाबांनी कमरेचा पट्टा नीट केला. परबकाका त्यांच्या पायाशी थुंकले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाबा कामावरून आले ते न जेवता बसून राहिले. आईने खोदून विचारलं तेव्हा बोलले. मॅनेजरने बोलावलं होतं. सोमवारी सकाळी भोंगा वाजवायचा. आत चार टाळकीसुद्धा नाहीत, पण भोंगा वाजला की बाहेरच्यांना वाटेल मिल सुरू झाली, त्यांचा धीर सुटेल आणि येतील एकेक करत. भोंग्याचा खटका पहारेकऱ्याच्या केबिनमध्येच होता, विजेवरचा.

"मग तुम्ही काय म्हणालात?" आईने विचारलं.

"म्हटलं, साहेब, खोटा बिगुल वाजवायची सवय नाही मला."

"काढून टाकलं तर?"

"टाकू दे."

"आणि मी ह्या एवढ्या तोंडांना काय घालू? तुमचा बिगुल?"

बाबा त्यावर जेवायला बसले. आईने स्वतःच्या पेजेतली अर्धी त्यांना वाढली. आमच्या घरात कौतुक असंच होत असे.

सोमवारी भोंगा वाजला नाही. मंगळवारी सकाळी मॅनेजरने दुसरा उपाय काढला. त्या सकाळचं गेटवरचं मी जे लिहिते आहे ते वसंताच्या तोंडचं आहे. वसंता आमच्या खानावळीत जेवणारा, संपातला सगळ्यात तरुण, आईला 'आये' म्हणणारा. तो आणि आणखी काही पोरं गेटसमोर आडवी झोपली होती, कारण बाहेरून माणसं भरून ट्रक येणार अशी बातमी होती. ट्रक आला. त्यात कामगार नव्हते, भाड्याचे गुंड होते. तलवारी, सायकलच्या चेन, लोखंडी सळया. पोरं उठून उभी राहायच्या आतच त्यांनी कापायला सुरुवात केली. एकाने हात वर केला तर पंजा मनगटापासून लोंबायला लागला. एकाच्या पोटात सळई गेली आणि तो ती दोन्ही हातांनी धरून बसला, ओरडलासुद्धा नाही. वसंताच्या मांडीवर वार बसला, हाडापर्यंत.

गेटाच्या आतून मॅनेजर ओरडला, "दिंडी लावून घे! बाहेर काय होतंय ते आपलं काम नाही!" आणि मग, "बंदूक आहे ना? मधे कोणी आत घुसला तर झाड गोळी!"

बाबांनी बंदूक उघडली, काडतुसं काढली आणि मिलच्या तळ्यात फेकली. मग दिंडीतून, गेटातल्या छोट्या दारातून, बाहेर गेले. वसंताला बगलेत धरून ओढत आत आणलं, मग दुसऱ्याला. तिसऱ्याला आणायला गेले तेव्हा गुंड त्यांच्यावर आले. बाबांनी बंदुकीच्या दस्त्याने एकाचा जबडा फोडला. दात दिंडीच्या आत पडलेल्या वसंताच्या अंगावर उडाले. दुसऱ्याच्या गळ्याचं हाड मोडलं. पण ते वीसेक जण होते आणि बाबा एक. खांद्यावर तलवार बसली. ते मागे सरत आत आले आणि वसंताला ओढत केबिनमध्ये शिरले. बाबांनी दाराला पाठ लावली आणि भोंग्याचा खटका दाबला. सलग नाही, दाबायचे, सोडायचे, दाबायचे. पलटणीत धोक्याचा इशारा असाच देतात. त्यांना वाटलं, एवढ्या जवळ एवढी माणसं आहेत, ऐकतील, धावून येतील, पोरं वाचतील.

माणसं धावून आली.

मी नळावर होते. इतक्या महिन्यांनी तो आवाज आला तेव्हा सगळी गल्ली मिलकडे वळून बघायला लागली. कोणाच्या तरी हातातून बादली पडली. आमच्या वस्तीत भोंग्याचा अर्थ एकच होता: मिल चालू. आणि संपात मिल चालू म्हणजे कोणीतरी आत गेलं, आपल्या पोरांच्या पोटावर पाय देऊन आत गेलं. परबकाका गॅलरीत आले, अंगात नुसता बनियन. "गिरण चालू केली रे! त्या फौजीनं भोंगो वाजवल्यान! चला!" बायका, म्हातारे, सगळे निघाले. हातात जे येईल ते. परबकाकांच्या हातात साच्याचा लाकडी दांडा होता.

मी धावत घरी आले तर आई दारात उभी राहून ऐकत होती. भोंग्यावर चूल पेटवणारी बाई ती. "शालन," ती मला म्हणाली, "हा पाळीचा भोंगा नाही. मधे मधे तुटतोय. काहीतरी झालंय." आणि मग ती पळाली, पिठाच्या हातांनी, गर्दीच्या मागून ओरडत, "अरे थांबा! हाक मारतोय तो! हाक मारतोय!" कोण ऐकतो? मी तिच्या मागे.

गर्दी बघून गुंड तळ्याकडच्या भिंतीवरून पळाले. म्हणजे बाबांनी ज्यासाठी बोलावलं होतं ते झालं होतं. पण गर्दीने काय बघितलं? गेटवर आपली पोरं कापून टाकलेली, आणि केबिनमध्ये रक्ताने भरलेली खाकी, हात खटक्यावर. बाबा ओरडून सांगत होते. त्यांचे ओठ हलताना मी पाहिले. खटका अडकून बसला होता, भोंगा आता न थांबता किंचाळत होता, आणि त्यात त्यांचा एक शब्द कोणाला ऐकू आला नाही. पहिला घाव परबकाकांचा. मग दगड, लाथा, सळया. बाबांनी हात उचलला नाही. ज्या माणसाने दोन मिनिटांपूर्वी जबडे फोडले होते, त्याने आमच्या गल्लीच्या माणसांवर हात उचलला नाही. ते वसंताच्या अंगावर पालथे पडले, कारण लाथा त्यालाही बसत होत्या. मी लोकांच्या पायांमधून ते पाहिलं. सदरा फाटला होता, तीच पाठ होती, आणि दांडा तिच्यावर पडत होता. ओल्या कपड्यावर धोपटणं मारल्यासारखा तो आवाज मी सांगू शकते, पण सांगत नाही.

कोणीतरी भोंग्याची तार तोडली. एकदम शांत झालं आणि त्या शांततेत बाबांच्या अंगाखालून वसंताचा आवाज आला. "मारू नका रे! ह्यांनीच आत आणलं मला! ह्यांनीच बोलावलं तुम्हाला!"

परबकाकांच्या हातातला दांडा खाली पडला. मग ते स्वतःच खाली बसले.

बाबा परळच्या सरकारी इस्पितळात काही दिवस होते. फुप्फुसात रक्त भरलं होतं, बोलताना गुळगुळ आवाज यायचा. आई परबकाकांना शिव्या देत होती, अशा शिव्या ज्या मी तिच्या तोंडून आधी ऐकल्या नव्हत्या. बाबांनी तिचा हात धरला. "परबाला काय बोलू नकोस. बोलावल्यावर आला तो." मग म्हणाले, "सगळे आले." ह्यात त्यांना आनंद होता की काय ते मला तेव्हा कळलं नाही. आता वय झाल्यावर वाटतं, होता. तारेवर पडलेल्या माणसाला आपल्या पाठीवरून माणसं पलीकडे गेली एवढंच पुरत असावं. मला ते पुरत नाही. मी त्यांची मुलगी आहे, पलटण नाही.

ते गेले. मिलने सांगितलं, जागा सोडून गेलेला पहारेकरी, आमचा संबंध नाही. पोलिसांनी लिहिलं, दंगलीत अनोळखी जमावाकडून. गल्लीतली माणसं खांदा द्यायला आली, तर आईने दार अडवलं. परबकाका पुढे होते, डोक्यावर टॉवेल.

"वैनी, चौकात फौजीचो दगड बसवू आम्ही. मोठो. नाव कोरून."

"दगड तुझ्या घरात ठेव," आई म्हणाली. "माझ्या माणसाला अनोळखी जमावाने मारलं म्हणतात. तू अनोळखी आहेस काय रे, परबा? त्याच्या हातचा चहा प्यायलास. जा, चौकीवर जाऊन तुझं नाव सांग. मग खांदा दे."

मला वाटलं माणूस निघून जाईल. परबकाका तसेच वळले आणि चालत चौकीवर गेले. आम्ही मयत थांबवून ठेवली. चौकीवरून एक शिपाई त्यांना परत घेऊन आला, आणि त्या शिपायाने डोळे दुसरीकडे केले तेवढ्यात त्यांनी खांदा दिला. मग त्यांच्यावर खटला चालला, वसंता कुबडीवर उभा राहून साक्षीला आला, परबकाका तुरुंगात गेले. त्यांची पोरं त्या काळात आमच्या गॅलरीत जेवली. आई वाढायची, बोलायची नाही.

संप कधी संपला हे कोणी सांगू शकत नाही, कारण तो संपलाच नाही, नुसती माणसं संपली. आईने खानावळ बंद करून डबे सुरू केले. मी सकाळी डबे भरायची, दुपारी माटुंग्याच्या कॉलेजात जायची. हाताला लसणाचा वास यायचा म्हणून बाकावर शेजारी कोणी बसत नसे. बरं झालं, वह्या पसरायला जागा मिळाली. आमच्या सगळ्या खानदानात बी.ए. झालेली मी पहिली. निकालाच्या दिवशी आईने पेढे वाटले नाहीत, फिष्ट केली.

परबकाका सुटून आले ते वाळून गेलेले. पुढच्या सव्वीस जानेवारीला आईने त्यांना निरोप धाडला: झेंडा लागायच्या आधी मैदानात उभं राहून काय झालं ते सांगायचं, सगळं, स्वतःच्या तोंडाने. ते उभे राहिले. मान वर करून सांगितलं की फौजीने आम्हाला हाक मारली, आम्ही आलो आणि त्यालाच मारला, पहिलो दांडो माझो. लहान पोरं तोंड उघडी टाकून ऐकत होती. दरवर्षी ते हे सांगत, मरेपर्यंत. कोणी म्हणायचं, बस झालं आता, म्हाताऱ्याचे हाल कशाला? परबकाकाच म्हणायचे, "तुमका ऐकूचा नसात तर घरात बसा." ज्या पोरांनी ते ऐकलं त्यांतला एक आज फौजेत सुभेदार आहे, आणि तो परबकाकांचा नातू आहे.

परबकाकांनी असं मैदानात सांगितल्यावर कुठे आई चौकाला बाबांच्या नावाची पाटी लावायला तयार झाली. महापालिकेत अर्ज मी केले, हेलपाटे मी घातले. साहेब म्हणाले, सैनिक होते ना, मग तेवढंच लिहू, शोभून दिसतं. वॉचमन वगैरे कशाला? आई माझ्याबरोबर होती. ती टेबलावर हात टेकून म्हणाली, "फौजेने त्याला पदक दिलं. पहाऱ्यावर तो मेला. दोन्ही लिहा, नाहीतर काहीच लिहू नका." साहेब माझ्याकडे बघायला लागले, मी समजूत घालीन म्हणून. मी म्हटलं, आई म्हणते तसंच.

तशी पाटी लागली. लान्स नाईक धोंडिराम सावळा कदम चौक. खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात: सैनिक आणि गिरणी पहारेकरी.